गिअरबॉक्स उघडण्याआधी

जुना ऑटोमॅटिक ट्रक गिअर बदलताना झटके देऊ लागला, की अमेरिकेतल्या बहुतेक गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो रिबिल्डचा. गिअरबॉक्स उतरवायचा, पूर्ण खोलायचा, नव्या क्लच प्लेटा आणि सील घालून परत चढवायचा. या कामाला हजारो डॉलर लागतात. वीस-पंचवीस वर्षांच्या पिकअपची बाजारातली किंमत कित्येकदा त्याहून कमी असते. त्यामुळे निदान चुकलं, तर नुकसान बिलापुरतं राहत नाही. अजून कितीतरी वर्षं चालला असता असा ट्रक भंगारात निघतो.

माझ्या नव्वदच्या दशकातल्या पिकअपवर हीच वेळ आली होती. इंजिन उत्तम, रिव्हर्स ठणठणीत. पण दांडा ‘डी’मध्ये टाकला की जोराचा धक्का बसायचा आणि मग गाडी जागची हलायलाच तयार नसायची. हळूहळू वेग आला, की सगळं सुरळीत. कोरड्या दिवशी त्रास नाही, पाऊस पडून गेला की पुन्हा तेच. एका गॅरेजने छोटीशी चक्कर मारून निकाल दिला: गिअरबॉक्स गेला. ऑइलची डिपस्टिक काढून पाहिली नव्हती, स्कॅनर जोडला नव्हता. फक्त ट्रान्समिशनचीच कामं करणाऱ्या दुसऱ्या मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला आणि मग तो ट्रकखाली गेला. गिअरबॉक्सच्या कडेला बसणाऱ्या मोठ्या कनेक्टरचं सील गेलं होतं. आत ओल शिरून पिनांवर हिरवा गंज चढला होता. कनेक्टर साफ करून नवं सील बसवलं आणि खराब पिना बदलल्या. गिअरबॉक्सचा एक बोल्टही सैल करावा लागला नाही.

अशा बिघाडाचं कारण त्या काळच्या गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे. जनरल मोटर्सचा ‘४एल६०-ई’ हे त्याचं चांगलं उदाहरण. १९९३ पासून हा चार गिअरचा बॉक्स शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपमध्ये येऊ लागला. त्यात कोणता गिअर पडणार हे दोन सोलेनॉइड ठरवतात. पहिल्या गिअरला दोन्ही चालू, दुसऱ्याला पहिला बंद आणि दुसरा चालू, तिसऱ्याला दोन्ही बंद, चौथ्याला फक्त पहिला चालू. आता वीजच तुटली तर? दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे गाडी थेट तिसऱ्या गिअरमध्ये निघते. शिवाय ऑइलचा दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडला करंट मिळाला नाही, की दाब आपोआप कमाल पातळीवर जातो. क्लच घसरून जळू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. मंद सुरुवात, गिअर टाकताना जोराचा धक्का आणि बिनतक्रार रिव्हर्स, ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर आधी फ्यूज, वायरिंग आणि कनेक्टर तपासावेत. आतल्या प्लेटा बहुधा शाबूत असतात.

तपासणीची सुरुवात मात्र ऑइलपासूनच व्हायला हवी, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती सगळ्यात जास्त सांगते. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल चांगलं असेल तेव्हा लाल आणि पारदर्शक दिसतं. ते तपकिरी पडलं असेल आणि जळका वास येत असेल, तर क्लच प्लेटांचं अस्तर जळतं आहे. ते गुलाबी, दुधासारखं दिसत असेल, तर त्यात पाणी गेलं आहे. बऱ्याच ट्रकमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते. ती आतून फुटली, की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आणि क्लच प्लेटांवरचं अस्तर धरून ठेवणारा गोंद सुटू लागतो. असा ट्रक एक मैलही पुढे चालवू नये. टो करूनच न्यावा.

पातळी पाहण्याची रीत गाडीगणिक बदलते आणि इथे पुष्कळ गोंधळ होतो. जनरल मोटर्स आणि फोर्डच्या जुन्या पिकअपमध्ये ऑइल गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, दांडा ‘पार्क’मध्ये घालून डिपस्टिक बघतात. डॉजच्या ‘४६आरई’, ‘४७आरई’सारख्या बॉक्समध्ये मात्र दांडा ‘न्यूट्रल’मध्ये हवा, कारण ‘पार्क’मध्ये टॉर्क कन्व्हर्टरकडे ऑइल जात नाही आणि पातळी चुकीची दिसते. ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअर उशिरा पकडतो किंवा सुटतो. जास्त भरलं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. फेस दाबला जातो, त्यामुळे प्लेटांना हवा तेवढा दाब मिळत नाही आणि लक्षणं कमी ऑइलसारखीच दिसतात. म्हणून थोडं घालावं, पुन्हा बघावं, असंच करावं. ऑइलचा प्रकारही कंपनीने सांगितलेलाच हवा: फोर्डच्या पुष्कळ बॉक्सना मर्कॉन-व्ही, क्रायस्लर-डॉजच्या बॉक्सना एटीएफ+४, जनरल मोटर्सच्या जुन्या बॉक्सना डेक्सरॉन-३ च्या जागी आलेलं डेक्सरॉन-६.

खालचं पॅन उघडलं, तर चुंबकावर जमलेला बारीक करडा लेप बघून घाबरू नये. तो नेहमीच्या झिजेचा असतो. धातूचे तुकडे, चकत्या किंवा काळ्या अस्तराच्या खपल्या सापडल्या, तर ती आतल्या मोडतोडीची साक्ष आहे. आणखी एक गोष्ट माहीत असावी: पॅन काढून सगळं ऑइल निघत नाही. ‘४एल६०-ई’मधून तसं साधारण ५ क्वार्ट ऑइल येतं, तर पूर्ण बॉक्समध्ये ते सुमारे ११ क्वार्ट असतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहतं.

पुढची पायरी ट्रकच्या वयावर अवलंबून आहे. जनरल मोटर्सचे १९६४ मध्ये आलेला टर्बो ४०० आणि १९६९ मधला टर्बो ३५० या गिअरबॉक्सना इंजिनवरचा ताण व्हॅक्यूम मॉड्युलेटरमधून कळतो. त्याच्या रबरी नळीला तडा गेला, की गिअर उशिरा आणि आदळत बदलतात. मॉड्युलेटरचा पडदाच फाटला, तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळू लागतं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, ऑइलची पातळी उतरत जाते आणि जमिनीवर मात्र एक थेंब दिसत नाही. नळी किंवा मॉड्युलेटर बदलणं हे घरच्या घरी होणारं काम आहे.

१९८२ मध्ये आलेल्या ‘७००आर४’ बॉक्समध्ये हेच काम थ्रॉटलला जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल करते, आणि तिच्याबद्दलचा एक गैरसमज महागात पडतो. ही केबल फक्त गिअर कधी बदलायचा ते ठरवते, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आतला ऑइलचा दाबही तिच्यावरच चालतो. केबल सैल ठेवून ट्रक चालवला, तर गिअर लवकर आणि मऊ पडतात. चालकाला ते सुखाचं वाटतं, पण कमी दाबावर घसरणाऱ्या प्लेटा थोड्याच काळात जळून जातात. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडी बदलल्यावर ही केबल नव्याने लावून घ्यायलाच हवी.

त्यानंतरच्या ट्रकना संगणक आला आणि तपासणी एका परीने सोपी झाली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या सर्व मोटारी आणि हलक्या ट्रकमध्ये ओबीडी-२ चा सॉकेट असतो. साधा स्कॅनर जोडला तरी कोड वाचता येतात. पी०७०० म्हणजे ट्रान्समिशनच्या यंत्रणेत बिघाड नोंदला गेला आहे, एवढीच वर्दी. खरं कारण सोबतच्या कोडमध्ये असतं. पी०७५३ आणि पी०७५८ हे शिफ्ट सोलेनॉइडच्या विद्युत जोडणीचे कोड आहेत. ते दिसले की सोलेनॉइड विकत घेण्याआधी त्याच्यापर्यंत जाणारी वायर मीटरने तपासावी. फोर्डच्या ‘ई४ओडी’ बॉक्सच्या पिकअपमध्ये ओव्हरड्राइव्हचा दिवा सतत लुकलुकू लागला, तर संगणकाने कोड साठवला आहे असं समजावं. कोड वाचण्यापूर्वी बॅटरी काढू नये, कारण त्याबरोबर ही नोंद पुसली जाते.

एक चाचणी कोणत्याही चालकाला जमण्यासारखी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल इतका स्पर्श करावा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली, तर दोष त्या क्लचच्या बाजूला आहे. थांबली नाही, तर इंजिनचा एखादा सिलिंडर मिसफायर होत असण्याची शक्यता मोठी. स्पार्क प्लग किंवा प्लगची वायर खराब असताना गिअरबॉक्सला दोष देणं, ही गॅरेजमध्ये फार वेळा होणारी गल्लत आहे. थ्रॉटल पोझिशन सेन्सर झिजला तरी गाडी दोन गिअरांत उगाच वरखाली करत राहते, आणि वेगाचा सेन्सर बिघडला की स्पीडोमीटरचा काटा नाचतो व गिअर भलत्याच वेळी पडतात.

एवढं सगळं निर्दोष निघालं, की दाबमापक जोडून ऑइलचा दाब मोजावा. गिअरबॉक्सवर त्यासाठी खास जागा असते. दाब कमी असेल, तर पंप, फिल्टर किंवा व्हॉल्व्ह बॉडीकडे बघावं लागतं. ‘४एल६०-ई’मध्ये पी१८७० हा कोड पुष्कळदा व्हॉल्व्ह बॉडीतल्या कन्व्हर्टर क्लचच्या व्हॉल्व्हचं भोक झिजल्यामुळे येतो, आणि व्हॉल्व्ह बॉडी बॉक्स न उतरवता पॅनच्या बाजूने काढता येते.

काही बिघाड खरोखरच आतले असतात. त्यांचीही एक ठरावीक खूण असते. याच बॉक्समध्ये दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम गेले आणि पहिला व तिसरा शिल्लक राहिले, तर सन गिअर फिरवणारं पत्र्याचं कवच तुटलेलं असतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन रेस होतं, पण गाडी ओढत नाही, अशा वेळी तिसऱ्या-चौथ्याच्या क्लच प्लेटा जळल्याचा संशय सगळ्यात आधी घ्यावा. अशा वेळी ‘शिफ्ट सुधारणाऱ्या’ बाटल्या ओतण्यात पैसे घालवू नयेत. जळलेलं अस्तर कोणत्याही रसायनाने परत येत नाही.

महाराष्ट्रात ऑटोमॅटिक गाड्या गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत, पण इथे एक भेद सांभाळायला हवा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून भारतात रुळलेला एएमटी हा मुळात साध्या क्लचचा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबण्याचं आणि दांडा हलवण्याचं काम त्यात यंत्र करतं. वरची ऑइलची आणि कन्व्हर्टरची तपासणी त्याला लागू नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या एसयूव्हीच्या मालकांना मात्र ऑइल, वायरिंग, कोड आणि मग दाब हाच क्रम उपयोगी आहे.

रिबिल्ड टळत नसेल, तर काम देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. टॉर्क कन्व्हर्टर नवा किंवा रिबिल्ड केलेला बसवला जाईल. कूलरच्या नळ्या धुतल्या जातील किंवा कूलर बदलला जाईल. आणि काढलेले जुने भाग मालकाला दाखवले जातील. दुसऱ्या अटीवर अजिबात तडजोड नको. जुन्या बिघाडातला धातूचा कीस कूलरमध्ये अडकून राहतो आणि पहिल्याच प्रवासात ऑइलबरोबर नव्या बॉक्समध्ये येतो. ट्रक ट्रेलर ओढणार असेल, तर याच वेळी रेडिएटरसमोर वेगळा ऑइल कूलर लावून घ्यावा. चढावर गिअर सारखा वरखाली होऊ लागला, की ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्यात ओढावं, म्हणजे ऑइल कमी तापतं.