आधी कुकरची शिटी, मग सुई

बाळा,

डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं तेव्हापासून तू धड जेवत नाहीस, असं सूनबाईनं कळवलं. एकसष्टीला साऱ्या गावासमोर फेटा बांधून ऐटीत बसलेला माझा भाचा ४ मिलिमीटरच्या सुईला घाबरतो होय रे? मी इथे अकोल्यात १२ वर्षं रोज सुई घेते आहे. या वाटेवरचा एकेक खड्डा माझ्या पायाखालून गेलाय, म्हणून ही यादी धाडते. फ्रिजच्या दारावर लाव.

१. 'आता शेवटचा उपाय' असं मनात आणू नकोस – १९२२ साली टोरांटोत हे औषध पहिल्यांदा दिलं ते १४ वर्षांच्या पोराला, जगवण्यासाठी. तुझं स्वादुपिंड इतकी वर्षं राबून थकलंय. थकल्या बैलाला जोडीदार मिळाला तर त्याला कोणी हार म्हणत नाही.

२. सुई चोरून घेऊ नकोस – एका लग्नात मी न्हाणीघरात जाऊन गुपचूप टोचून घेतलं, मुहूर्त लांबला, पंगत लांबली, आणि मी घामानं निथळत मांडवाच्या खांबाला टेकले तेव्हा काय झालंय ते कोणालाच उमगेना. लपवलेलं औषध अर्धंच लागू पडतं.

३. आधी कुकरची शिटी ऐक, मगच सुई हातात घे – तुझं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं आहे, आणि स्वयंपाकच अडला तर ते जेवणाची वाट पाहत थांबत नाही. उपाशी पोट आणि टोचलेली सुई यांची गाठ पडू देऊ नये.

४. सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी कायम असू दे – थरथर, घाम, धडधड, एकाएकी भूक असं वाटलं की साखर मोज; ७० च्या खाली असेल तर ३ चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून पी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोज. यंत्र हाताशी नसेल तर आधी पी, मोजणं मागाहून.

५. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट शोधत बसू नकोस – त्यातला स्निग्धांश साखरेचा पाय मागे ओढतो. सावरलास की मग पोळी-भाजी खा.

६. हे सूनबाईलाही वाचायला दे – आपल्या वयात साखर उतरली की घाम येईलच असं नाही, माणूस नुसता चिडतो, बरळतो, आणि घरच्यांना ते म्हातारपण वाटतं. आधी साखर मोजावी, मग रागवावं. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

७. शेजाऱ्याची साखर १०० आली म्हणून आपलीही तितकीच हवी, असा हट्ट नको. तुझा आकडा डॉक्टरांकडून लिहून घे – उतारवयात साखर जराशी वर राहिलेली चालते, पण खाली उतरून न्हाणीत पडलं तर मांडीचं हाड जातं.

८. टोचायची जागा रोज सरकव, पोटावर बेंबीपासून २ इंच सोडून, कधी मांडीवर – एकाच वाफ्यात रोज खुरपलं तर माती दगड होते. माझ्या पोटावर अशीच गाठ झाली होती आणि औषध नीट मुरेनासं झालं. गाठ सोडून नवी जागा धरशील तेव्हा डॉक्टरांना सांग, कारण तिथे डोस कमी लागू शकतो.

९. पेन असेल तर आधी २ युनिट सोडून टोकावर थेंब बघ, आणि टोचल्यावर १० अंक मोजून मगच सुई काढ – घाईत काढलीस तर औषध कातडीवरच ओघळतं.

१०. बाटली असेल तर सिरिंजचं टोपण बघूनच घे, मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीला लाल, १०० युनिटच्या औषधाला नारिंगी – १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट होतो.

११. दुधाळ दिसणारं इन्सुलिन तळव्यांत हळूच घोळव, मग खाली-वर कर, पण खुळखुळ्यासारखं हलवू नकोस – साका तळाशी राहिला तर आज पाणी टोचशील आणि उद्या डबल.

१२. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब – एकदा गोठलं की वितळूनही ते कामाचं राहत नाही.

१३. उघडलेल्या बाटलीवर तारीख घाल. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवसच टिकतं – आमच्याकडे वैशाखात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा वीज गेली की मी बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवते. उन्हात उभ्या गाडीत मात्र कधीच ठेवू नकोस.

१४. घेतलं की लगेच कॅलेंडरवर खूण कर – 'घेतलं की नाही' या घोळात एकदा मी दोन वेळा टोचून घेतलं आणि रात्रभर घरादाराला जागवलं. छोटी रेघ मोठी चूक टाळते.

१५. ताप-जुलाब आला तर आपल्या मनानं इन्सुलिन बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार – आजारपणात जेवण घटलं तरी साखर चढू शकते. चतुर्थी-एकादशीचंही आधीच विचारून ठेव; देवाला भुकेपेक्षा शहाणपण आवडतं.

१६. रोज झोपताना तळपाय बघ, आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घाल – बधिर झालेला पाय भाजल्याचं सांगत नाही.

१७. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठव – आपला कचरा उचलणारीलाही हातच आहेत.

एकदम सगळं जमणार नाही. आज तिसरा आणि चौथा मुद्दा धर, बाकीचे महिनाभरात अंगवळणी पडतील.

रात्री पहिली सुई आहे ना? आठला मी फोन करीन. साखर किती ते विचारणार नाही. कुकर लावला का, एवढंच विचारीन.

तुझी,
आत्या