वाहन परवाना आणि राहण्याचा पुरावा

आमच्या कापडाच्या धंद्यात बाजार फिरणे सुटत नाही. वर्ध्याहून कधी पुलगाव, कधी आर्वी, कधी हिंगणघाट. गठ्ठे आम्ही बांधतो, पण गाडी चालविणाऱ्याकडे परवाना नसेल तर सारा व्यवहार धोक्यात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना गाडी चालविल्यास 5000 रुपये दंड आहे. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच दंड वेगळा. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात दुकान बसू शकते.

मागे आमच्या दुकानातील एका मुलाचा अर्ज अडकला. हात साफ, नजर चांगली. पण आधारवर पत्ता बालाघाटकडील गावाचा, मुक्काम मात्र वर्ध्यात भाड्याच्या खोलीत. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर नुसते ‘मो.’. चूक आमचीच, कागद आधी पाहिलेच नव्हते. त्यातून जे शिकलो ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, अर्ज कुठे करावा? 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत: माणूस जिथे नेहमी राहतो किंवा जिथे धंदा करतो. म्हणजे जन्मगाव दुसरीकडे असले म्हणून हक्क जात नाही. मात्र राहणे कागदावर दिसले पाहिजे.

दुसरी गोष्ट, पत्ता. 1989 च्या नियमांतील यादीत शिधापत्रिका, मतदार यादी, आयुर्विमा पॉलिसी, पासपोर्ट अशी कागदपत्रे होती. आज बहुतेक काम आधारवर चालते. महाराष्ट्रात जून 2021 पासून शिकाऊ परवान्याची परीक्षाही आधारच्या जोरावर घरबसल्या देता येते. म्हणून आधी आधारवरील पत्ता दुरुस्त करावा. भाडेकरूने नोंदणी केलेला भाडेकरार मागावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा मागण्यात संकोच कसला? कुटुंबासोबत राहणाऱ्यास 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीनेही पत्ता बदलता येतो. परवाना टपालाने घरी येतो. पत्ता चुकला तर तो भलत्याच दारी जातो.

तिसरी गोष्ट, नाव. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे दुखणे ठाऊक आहे. दाखल्यावर नाव उर्दूत एक. मराठी आणि इंग्रजीत उतरविताना कुणी ‘शेख’ पुढे लिहिले, कुणी मागे. सर्व कागद एका ओळीत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दुरुस्ती अर्जाआधी करावी, नंतर नव्हे.

चौथी गोष्ट, पुरेसे कारण असून कोणताच कागद मिळत नसेल तर नियमांत शपथपत्राचीही वाट ठेवली आहे. ते स्वीकारणे अधिकाऱ्याच्या हाती असते, म्हणून त्याला शेवटचा उपाय समजावे. शपथपत्रात खोटा पत्ता लिहिणे गुन्हा आहे. दलाल सांगेल, “भाऊ, कुठलाही पत्ता चालतो.” चालत नाही.

पाचवी गोष्ट, शिकाऊ परवाना सहा महिनेच टिकतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ती मुदत कागदांच्या धावपळीत घालवू नये.

त्या मुलाने आधी भाडेकरार केला, मग आधार सुधारले, मग अर्ज भरला. आज तो परवाना खिशात ठेवून गाडी चालवितो, आणि तो बाजारहून परतेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागत नाही. आपल्या दुकानात वा कारखान्यात गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे कागद या आठवड्यात एकदा पाहून घ्यावेत.