एकच पाणी आहे, गव्हाला कधी द्यायचं? (पाठ आणि उपक्रम)



पीक उत्पादनाचा पाठ आला की आपण मशागत, पेरणी, खत, पाणी, कापणी अशी यादी फळ्यावर लिहितो. मुलं ती पाठ करून पेपरात उतरवतात. पण ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी दोन-तीन एकर शेती असते आणि त्या घरातला खरा प्रश्न या यादीत सापडत नाही. विहीर खाली गेली आहे, गव्हाला सगळ्या पाळ्या मिळणार नाहीत, मग आहे ते पाणी कोणत्या दिवशी सोडायचं? मी हा पाठ याच प्रश्नाभोवती घेतो. 'शाश्वत शेती' हा शब्द मुलांना जड वाटतो. 'पुढच्या वर्षीही विहिरीला पाणी राहिलं पाहिजे' म्हटलं की लगेच कळतं.

सुरुवात थंडीपासून करावी. महाराष्ट्रात गव्हाचं हेक्टरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी आहे. मुलं विचारतात, "सर, आपले शेतकरी कमी पडतात का?" तसं नाही. तिकडे हिवाळा लांब असतो आणि जवळजवळ सगळ्या गव्हाला ओलिताची सोय आहे. (त्या ओलिताची किंमतही आहे. भात-गहू या जोडीपायी तिकडचं भूजल खोल गेलंय, त्यात भाताचा वाटा मोठा.) आपल्याकडे थंडी थोडकी. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की दाणा पुरता भरायच्या आत पीक वाळतं आणि दाणा चिमतो. म्हणून बागायती गव्हाची पेरणी 1 ते 15 नोव्हेंबरला करावी अशी शिफारस आहे. पुढे प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटतं. सोयाबीननंतरचा गहू ही वेळ साधतो, कापसानंतरचा साधत नाही. त्याला फुले समाधानसारखा उशिरा पेरणीला चालणारा वाण लागतो. उष्णता म्हणजे काय, याचं उदाहरण 2022 चं द्यावं. त्या वर्षी मार्चमध्येच लाट आली, उत्तरेत गव्हाला फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

आता रोपाकडे. पेरणीनंतर आधी दाण्यातून मुळं फुटतात. साधारण 18 ते 21 दिवसांनी जमिनीच्या जरा खाली, खोडाच्या बुडाशी, दुसरी मुळं फुटतात. यांना मुकुटमुळं म्हणतात. फुटवेही याच सुमाराला येतात. मातीचा हा वरचा थर सगळ्यात आधी सुकतो, म्हणून या दिवसांत ओल हवी. त्यानंतरच्या नाजूक वेळा म्हणजे 40-45 दिवसांनी कांडी धरताना, 60-65 दिवसांनी फुलोऱ्यात आणि 80-85 दिवसांनी दाणा भरताना.

एवढं सांगून मुलांपुढे कोडं टाका. तीन पाळ्या असतील तर कधी? उत्तर सोपं आहे: 20-22, 40-42 आणि 60-65 दिवसांनी. दोनच असतील तर? 20-22 आणि 60-65. आणि एकच असेल तर? इथे जवळजवळ सगळी मुलं "एकविसाव्या दिवशी!" म्हणून ओरडतात. आपल्याकडची शिफारस मात्र 40-42 दिवसांची आहे. का? त्यावर मुलांना बोलू द्या. विचार असा की एकुलतं एक पाणी लवकर दिलं तर फुटवे भरपूर येतात, पण पुढे त्यांना पोसायला ओल उरत नाही. कांडी धरताना ओंबी आत घडत असते, तिला पाणी मिळालं तर निदान आहेत त्या ओंब्या भरतात. आमच्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पाहुणे कमी बोलवायचे, पण जेवण पुरेल असं बघायचं." मला तरी याहून बरं उत्तर सुचलं नाही. नेत्रावती, पंचवटी हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण अशा कमी पाण्यासाठीच आहेत.

मग गणित. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. त्यावर 6 सेंटीमीटर पाणी द्यायचं तर जवळपास 2 लाख 43 हजार लिटर लागतं. पाइपाखाली 200 लिटरचा ड्रम धरून किती सेकंदांत भरतो ते मुलांनी घरी मोजावं. 20 सेकंदांत भरला तर तासाला 36,000 लिटर, म्हणजे एक एकर भिजायला पावणेसात तास. थ्री फेज लाईट आठ तास, तीही काही आठवडे रात्रीची. हा हिशेब झाला की पहिल्या तासाला डुलक्या देणारा मुलगा रात्री बापाबरोबर बॅटरी घेऊन वाफ्यावर उभा होता, हे आपल्यालाही समजतं. सारे लहान आणि सपाट असले तर पाणी लवकर पोचतं, तेवढी झोप वाचते.

बियाण्याचा हिशेबही मुलांना आवडतो. किराणा दुकानाच्या काट्यावर 1,000 दाणे तोलावेत, साधारण 40 ग्रॅम भरतात. वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 किलो धरलं तर दहा लाख दाणे, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम 23. कोणी एकरी 60 किलो टाकत असेल तर मुलांनीच विचारावं, "बाबा, एवढी दाटी कशाला?" घरात हा प्रश्न विचारताना जरा जपून, एवढंच.

काडाबद्दल थोडक्यात. हार्वेस्टरने काढणी केली की धसकटं उभी राहतात आणि सोपा उपाय म्हणून काडी लावली जाते. काड वाफ्यात आच्छादन म्हणून पसरता येतं किंवा शेणाबरोबर खड्ड्यात कुजवता येतं. जाळलं की नत्र आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही हवेत.

उपक्रम: दोन जुन्या डब्यांना खाली भोकं पाडून सारखी माती भरावी, प्रत्येकात दहा दाणे पेरावेत आणि उगवेपर्यंत दोन्हींना सारखं पाणी द्यावं. त्यानंतर एका डब्याला 21 व्या दिवशी आणि दुसऱ्याला 42 व्या दिवशी एकदाच भरपूर पाणी द्यावं. डबा शेतापेक्षा फार लवकर सुकतो, म्हणून ओल अगदीच गेली तर दोन्हींना सारखाच एक पेला. 21 व्या दिवशी पाणी द्यायच्या आधी प्रत्येक डब्यातलं एक रोप अलगद उपटून मुळांचं चित्र काढावं. फुटवे आणि ओंब्या मोजून वहीत लिहाव्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच डबे भरले तर फेब्रुवारीत निकाल हातात येतो.