लॉज बांधताय? आगीचा खर्च नकाशावरच काढा

आमगावात स्टेशनजवळ किंवा देवरी रस्त्यावर लॉज, मंगल कार्यालय, छोटा दवाखाना बांधणाऱ्याला फायर सिलिंडर आठवतो तो उद्घाटनाच्या आठवड्यात. तोवर जिना, दारं, वायरिंग सगळं होऊन गेलेलं असतं.

जहाज बांधणाऱ्यांना अशी चैन परवडत नाही. भर समुद्रात बंब येणार नाही, हे धरूनच त्यांचा नकाशा निघतो. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारातली ‘ए-60’ दर्जाची पोलादी भिंत आगीसमोर 60 मिनिटं टिकावी लागते, आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान 140 अंशांहून जास्त वाढता कामा नये. आपलं तरी काय वेगळं आहे? गोंदिया सुमारे 25 किलोमीटर. तिथून बंब यायचा तर पहिला अर्धा तास आपला आपल्यालाच काढायचा. डिसेंबर 2016 मध्ये गोंदियातल्या एका हॉटेलच्या आगीत 7 जण गेले. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 तान्ही बाळं दगावली.

आता हिशेब. खालचे दर ढोबळ आहेत, जागेवरचं कोटेशन घ्याच.

सर्वांत स्वस्त काम नकाशावरचं. लॉजचा जिना किमान दीड मीटर रुंद, मंगल कार्यालयाच्या सभागृहाचं बाहेर पडायचं दार दोन मीटर आणि बाहेर उघडणारं, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेतले आकडे आहेत. कागदावर रेघ सरकवायला इंजिनिअर वेगळे पैसे घेत नाही. तेच इमारत उभी राहिल्यावर बाहेरून लोखंडी जिना लावायचा म्हटला, तर दोन लाखांच्या आसपास जातात, शिवाय त्यासाठी भिंत फोडावी लागते ती वेगळी.

6 किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर साधारण दीड ते अडीच हजारांना पडतो. कुठूनही 15 मीटरच्या आत एक हाताशी हवा, म्हणजे दुमजली लॉजला सहा-आठ लागतील. वायरिंगच्या पॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचा ठेवा. साडेचार किलोचा पाच ते आठ हजारांत मिळतो. बॅटरीवरचा धुराचा अलार्म खोलीमागे हजाराच्या आसपास. माझ्या मते झोपायच्या जागेत हा सिलिंडरच्याही आधी घ्यावा, कारण झोपलेला माणूस सिलिंडर उचलत नाही.

रिफिलिंगमध्ये फसवणूक चालते. फक्त स्टिकर बदलून पैसे घेणारेही भेटतात. जुनी पावडर आपल्यासमोर काढायला लावा, भरल्यावर वजन करा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि पिनेला सील आहे का, ते पाहा. आयएसआय मार्क नसलेला माल घेऊच नका.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना अ’ दाखला घ्यायचा, मग दरवर्षी जानेवारी आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा ‘नमुना ब’ दाखला. एजन्सीचं नाव महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत तपासा. तपासणी, दुरुस्ती आणि दाखला यांचे दर कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहून मागा. ‘सगळं मिळून एवढे द्या, तपासणीला येण्याची गरज नाही’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.