आजीच्या मांडीवर नात द्यावी का?

प्रश्न : सासूबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी नागपूरला मशीनचा शेक सुरू आहे. रोज तुमसरहून ये-जा करतो. शेजारच्या काकू म्हणतात, अंगात किरणं राहतात, तान्ह्या नातीला जवळ देऊ नका. आम्ही ताटवाटीही वेगळी ठेवली आहे. बरोबर आहे का?
– एक सून, तुमसर

उत्तर : ताई, ताटवाटी आजच एकत्र करा! मशीनचे किरण बॅटरीच्या उजेडासारखे. बटण बंद झालं की अंगात काही उरत नाही. नाशिककडच्या लासलगावात २००२ पासून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, ते त्याला मोड येऊ नयेत म्हणून. तो कांदा काही किरणोत्सर्गी होत नाही. २००७ मध्ये तिथूनच असा आंबा अमेरिकेलाही गेला.

काकूंचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ पोटात देतात, तेव्हा औषधच किरणोत्सर्गी असतं. ते साधारण आठ दिवसांत निम्मं होतं. डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलं आणि गरोदर बाया दूर ठेवायच्या. सासूबाईंचं तसं नाही.

शेकाच्या जागी हळद-तेल लावू नका, खुणा पुसू नका, पाळी चुकवू नका. प्रवास झेपत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना राहायच्या सोयीचं विचारा. नातीला मात्र दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगा. शेकलेल्या कातडीला इवलीशी लाथही झोंबते.