मोठ्या कंपनीचे दिवाळे आधी ओळखता येते काय?

'दिवाळे निघणे' या शब्दप्रयोगामागची हकीकत मोठी मनोरंजक आहे. पूर्वी एखाद्या सावकाराची पेढी बुडाली म्हणजे तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी, आणि तो दिवा पाहून देणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यावे, असे सांगतात. परंतु दिवा दिसल्यावर समजून उपयोग काय? ज्याची ठेव बुडाली त्याची बुडालीच. दिवा लागण्यापूर्वी, पेढी वरून भरभराटलेली दिसत असताना, आतील स्थिती ओळखता येईल काय, हाच खरा प्रश्न आहे. या प्रश्नास अंकगणिताच्या साह्याने कितपत उत्तर देता येते, हे आम्ही प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहोत. जी गुणोत्तरे विद्यार्थी वर्गात शिकतात, त्यांपलीकडचे गणित यास लागत नाही.

प्रथम दिवाळे म्हणजे काय ते पाहू. एका वाण्याच्या दुकानात मालाची पोती, उधारीची येणी व गल्ल्यातील रोकड मिळून एक लाख रुपयांची मालमत्ता आहे, आणि त्याची एकंदर देणी ऐंशी हजारांची आहेत, असे समजा. कागदावर तो वीस हजारांचा धनी आहे. परंतु देण्यांपैकी तीस हजार उद्याच फेडावयाचे असून गल्ल्यात पाचच हजार असतील, आणि कोणी उसने देण्यास तयार नसेल, तर तो उद्याच अडचणीत येईल. याच्या उलट, दुसऱ्या दुकानदाराची देणी मालमत्तेहून अधिक आहेत, पण ती फेडण्याची मुदत चार वर्षांनी यावयाची आहे व गल्ल्यात रोकड आहे. असा मनुष्य आज बुडत नाही, आणि चार वर्षांत धंदा सुधारला तर कधीच बुडत नाही. तात्पर्य, देणी मालमत्तेहून अधिक होणे ही एक गोष्ट, आणि ठरल्या दिवशी हाती पैसा नसणे ही दुसरी. दिवाळे बहुधा दुसरीने निघते. हा भेद वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा; पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

मोठ्या कंपनीचा ताळेबंद पाहताना नुसत्या रकमांवरून काही समजत नाही. दहा कोटींचा तोटा एखाद्या लहान गिरणीस गिळून टाकील, पण मोठ्या कंपनीस तो टोचणारही नाही. म्हणून एक रक्कम दुसरीच्या किती पट आहे, हे पाहावे लागते, हेच गुणोत्तर. न्यूयॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ऑल्टमन यांनी इ. स. १९६८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी माल तयार करणाऱ्या ६६ कंपन्या घेतल्या. त्यांपैकी ३३ दिवाळखोर झालेल्या होत्या व ३३ टिकून राहिलेल्या होत्या. बावीस गुणोत्तरे तपासून त्यांतील पाच त्यांनी निवडली, आणि प्रत्येकास त्याच्या महत्त्वाप्रमाणे एक गुणक देऊन सर्वांची बेरीज केली. या बेरजेस ते 'झेड' हा अंक म्हणतात.

ती पाच गुणोत्तरे येणेप्रमाणे. प्रत्येक ठिकाणी भागाकार करावयाचा, आणि पहिल्या तीन व पाचव्यात भाजक एकंदर मालमत्ता हाच आहे. पहिले, खेळते भांडवल, म्हणजे वर्षाच्या आत रोकड होणारी मालमत्ता वजा वर्षाच्या आत फेडावयाची देणी, गुणक १.२. दुसरे, आजवर साठवलेला नफा, गुणक १.४. तिसरे, व्याज व कर देण्यापूर्वीचा वर्षाचा नफा, गुणक ३.३. चौथे, कंपनीच्या सर्व शेअरांची बाजारातील किंमत भागिले एकंदर देणी, गुणक ०.६. पाचवे, वर्षाची विक्री, गुणक १. बेरीज २.९९ च्या वर गेली तर कंपनी सुरक्षित समजावी, १.८१ च्या खाली आली तर धोक्यात समजावी, आणि मधल्या पट्ट्यात निर्णय संदिग्ध ठेवावा. ज्या कंपन्यांवरून ही रीत बसवली, त्यांच्या बाबतीत दिवाळ्याच्या एक वर्ष आधीचे निदान शेकडा ९५ वेळा बरोबर आले. दोन वर्षे आधीच्या आकड्यांवरून मात्र बुडणाऱ्या कंपन्यांपैकी शेकडा ७२ च ओळखता आल्या.

आता ही रीत एका खऱ्या कंपनीस लावून पाहू. संगणकाच्या चिप तयार करवून विकणारी अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस ही अमेरिकन कंपनी १९६९ साली स्थापन झाली. तिला थोडक्यात ए. एम. डी. म्हणतात. २०१५ सालअखेर तिची मालमत्ता सुमारे ३११ कोटी डॉलर व देणी सुमारे ३५२ कोटी डॉलर होती. खेळते भांडवल ९२ कोटी. त्याचे गुणोत्तर ०.३०, गुणकाने ०.३६. साठवलेल्या नफ्याच्या जागी मागील वर्षांचा साचलेला तोटाच ७३१ कोटी. गुणोत्तर उणे २.३५, गुणकाने उणे ३.२९. त्या वर्षीचा कारभारातील तोटा ४८ कोटी. गुणोत्तर उणे ०.१५, गुणकाने उणे ०.५०. शेअरांची बाजारकिंमत सुमारे २३० कोटी. देण्यांशी गुणोत्तर ०.६५, गुणकाने ०.३९. विक्री ३९९ कोटी, गुणोत्तर १.२८. सर्वांची बेरीज विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. ती उणे १.७६ येईल. धोक्याची रेषा १.८१ वर, आणि ही कंपनी शून्याच्याही खाली! केवळ या अंकावर विसंबणारा परीक्षक म्हणाला असता की, हिचा दिवा आता लागलाच.

दुसरी कंपनी ईस्टमन कोडॅक. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली 'कोडॅक' नावाचा सोपा कॅमेरा बाजारात आणला, आणि न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर शहरी वाढलेली ही कंपनी फिल्मच्या धंद्यात जगभर अग्रेसर झाली. २०१० सालअखेर तिची मालमत्ता सुमारे ६२० कोटी डॉलर व देणी सुमारे ७३० कोटी डॉलर होती. पूर्वीच्या सुखाच्या काळात साठवलेला नफा पुस्तकात अजून सुमारे ५०० कोटी दिसत होता. त्याचे गुणकाने १.१३ होतात. विक्री ७१९ कोटी, म्हणजे १.१६. कारभारातील तोटा सुमारे ३४ कोटी, म्हणजे उणे ०.१८. शेअरांची बाजारकिंमत सुमारे १४४ कोटी, म्हणजे ०.१२. या चार अंकांचीच बेरीज २.२३ भरते, आणि खेळत्या भांडवलाचा लहानसा अंक तीत मिळवला तरी कंपनी मधल्या, संदिग्ध पट्ट्यातच राहते. ए. एम. डी. च्या मानाने ही कितीतरी धडधाकट दिसते.

परंतु पुढे घडले ते नेमके उलट. कोडॅकने १९ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. ए. एम. डी. मात्र बुडाली नाही. २०२२ साली तिची विक्री सुमारे २,३६० कोटी डॉलर झाली, आणि त्याच वर्षी तिने झायलिंक्स नावाची दुसरी मोठी चिप-कंपनी आपल्यात सामील करून घेतली. मग ऑल्टमन यांचे गणित खोटे ठरले काय? आमच्या मते तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. ए. एम. डी. च्या बाबतीत अंकाने सांगितलेला धोका खराच होता. सलग तोट्याने कंपनी पोखरली गेली होती. पण अंक ज्या गोष्टी मोजत नाही, त्यांनीच येथे निकाल फिरवला. त्या गोष्टी तीन आहेत.

पहिली गोष्ट, हातातील रोकड किती महिने पुरेल? कोडॅकपाशी २०१० सालअखेर १६२ कोटी डॉलर रोकड होती. ३० सप्टेंबर २०११ रोजी ती ८६ कोटींवर आली. नऊ महिन्यांत ७६ कोटी गेले, म्हणजे महिन्यास सुमारे साडेआठ कोटी. या वेगाने उरलेली रोकड दहा महिने पुरती. प्रत्यक्षात चार महिन्यांच्या आतच अर्ज करावा लागला. कारण ज्याचा गल्ला आटत चालला आहे, त्यास उधार माल देणारे आधी रोख मागू लागतात, आणि गल्ला अधिकच लवकर रिता होतो. ए. एम. डी. पाशी २०१५ अखेर सुमारे ७८ कोटी होते, आणि त्या वर्षी कारभारात व यंत्रसामग्रीत मिळून सुमारे ३२ कोटी खर्ची पडले होते. म्हणजे तोच वेग राहता तर तिची रोकड सुमारे अडीच वर्षे पुरती. दहा महिने आणि अडीच वर्षे, हा फरक झेड अंकात कोठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट, कर्ज केव्हा फेडावयाचे? ए. एम. डी. वर सुमारे २२५ कोटींचे कर्ज होते, व त्याचे व्याज वर्षास १६ कोटी जाई. परंतु बँकेकडील अल्प मुदतीचा भाग वगळला, तर तिच्या कर्जरोख्यांची पहिली मोठी मुदत २०१९ साली यावयाची होती. मध्यंतरी तीन वर्षांचा अवधी होता. त्या अवधीत, २०१६ साली, कंपनीने नवे शेअर व शेअरांत बदलता येणारे रोखे विकून शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, व जुन्या, जड व्याजाच्या कर्जाचा मोठा भाग फेडून टाकला.

तिसरी गोष्ट, धंद्याचे मूळ हिरवे आहे की वाळले आहे? २०१४ साली लिसा सू या ए. एम. डी. च्या प्रमुख झाल्या. तोट्याच्या वर्षांतही नव्या चिपचे काम चालू राहिले, आणि ती चिप मार्च २०१७ मध्ये 'रायझन' या नावाने बाजारात आली. कोडॅकची स्थिती निराळी होती. डिजिटल कॅमेरा तिच्याच एका अभियंत्याने, स्टीव्हन सॅसन यांनी, १९७५ साली तयार केला होता. परंतु फिल्मच्या विक्रीची जागा भरून काढील असा नफा नव्या धंद्यात तिला मिळाला नाही. २०१० साली तर तिला पेटंटांच्या परवान्यांपोटी सुमारे ८४ कोटी डॉलर मिळाले होते. ते वगळले असता त्या वर्षाचा तोटा किती वाढेल, हे विद्यार्थ्यांनी काढून पाहावे. शिवाय वर जो ५०० कोटींचा साठवलेला नफा आम्ही मोजला, तो तिजोरीत पडून असलेला पैसा नव्हे. ती मागील पिढ्यांच्या कमाईची पुस्तकी आठवण होय. आजोबांच्या कीर्तीवर नातवास उधार मिळू शकेल. आजोबांची कीर्ती उधारी फेडीत नाही.

हे सर्व कोरडे अंक आहेत असे कोणी समजू नये. अर्जाच्या वेळी कोडॅकने आपली मालमत्ता ५१० कोटी व कर्जे ६७५ कोटी डॉलर सांगितली. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनी लहान रूपाने न्यायालयातून बाहेर पडली. परंतु जुने शेअर रद्द झाले, आणि ज्यांनी आयुष्याची शिल्लक त्यांत ठेवली होती त्यांच्या हाती काही आले नाही. हजारो निवृत्त कामगारांस कंपनीकडून मिळणारा औषधोपचाराचा आधार २०१२ अखेर बंद झाला. ज्या वयात मनुष्य नवी कमाई करू शकत नाही, त्या वयात हा आघात झाला. त्यांनी कंपनीच्या नावावर भरवसा ठेवला होता. आणि ते नाव शंभर वर्षांहून जुने होते. नावाचा मोठेपणा हे कोणतेही गुणोत्तर नव्हे.

पालकांस आमचे सांगणे इतकेच की, एखाद्या मोठ्या कंपनीत पैसा गुंतवण्यापूर्वी तिचे नाव किंवा तिची जाहिरात पाहून निर्णय करू नये. ताळेबंद आणि रोकडीच्या आवकजावकीचा तक्ता कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेला असतो. तो मागवून घरातील शिकत्या मुलामुलींकडून वाचून घ्यावा. प्रथम पाच गुणोत्तरे काढावीत. अंक वाईट आला तर सावध व्हावे, आणि चांगला आला तरी तेथेच थांबू नये. रोकड किती महिन्यांची, कर्जाची मुदत केव्हाची, आणि आजचा नफा आजच्या धंद्यातून आलेला आहे की जुने काही विकून, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून वही मिटू नये. बँका व विमा कंपन्या यांचा व्यवहारच निराळा असल्यामुळे त्यांस हे पाच गुणक लावू नयेत, हेही येथे सांगून ठेवणे अवश्य आहे.

विद्यार्थ्यांनी यातून आणखी एक बोध घ्यावा. गुणोत्तर हे पेढीवरील पहारेकऱ्यासारखे आहे. त्याने हाक दिली म्हणजे उठून पाहणे हे आपले कर्तव्य. पण चोर आला आहे की वाऱ्याने दार वाजले, याचा निर्णय त्याच्या हाकेवरून होत नाही, आणि तो गप्प आहे म्हणून घर सुरक्षित आहे असेही ठरत नाही. हाती कंदील घेऊन आपणच पाहावे लागते. गणित शिकवण्याचा हेतू नुसते उत्तर काढणे हा नसून, काढलेल्या उत्तरास पुढचा प्रश्न विचारता यावा हा आहे. तो प्रश्न वेळीच विचारणाऱ्यास दुसऱ्याच्या पेढीवर दिवसा दिवा लागण्याची वाट पाहावी लागत नाही.