पाया भरणारी माणसे: हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि आपण



आजोबांनी आंबा लावायचा आणि फळे नातवाने खायची, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ऐकायला छान वाटते. पण दुष्काळात त्या झाडाला पाणी कोण घालतं? त्या पाण्यावाचून घरातलं कोण तहानलेलं राहतं? गोष्टीत हे कुणी विचारत नाही. म्हणून या लेखात आपण आपल्याच जिल्ह्यातला एक खरा दाखला अभ्यासू या.

लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथे 1921 साली व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात लोक तेलुगू, मराठी, कानडी बोलायचे, पण वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. उर्दू ही काही वाईट भाषा नाही, तीही इथलीच आहे. प्रश्न एवढाच, की घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराने शिकायचं कसं? मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. कोणत्या माध्यमात घालायचं हे आमच्या घरी आईबाबांनी ठरवलं. त्या काळी तो निर्णय घरात होतच नव्हता!

1929 मध्ये या शाळेत एक शिक्षक आले, व्यंकटेश खेडगीकर. जन्म 1903 चा, म्हणजे वय जेमतेम पंचवीस-सव्वीस. आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे. त्याआधी त्यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलं होतं. मोठ्या शहरात मोठं नाव कमावता आलं असतं. पण ते हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक झाले. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ. 1935 मध्ये ते हिप्परगा सोडून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले आणि तिथेही शाळाच चालवली. पुढे 1938 चा सत्याग्रह, तुरुंगवास, 1947-48 चा लढा हा इतिहास आपल्याला माहीत आहे. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला.

आता थोडं गणित करू. 1921 साली सहा वर्षांचा असलेला मुलगा 1948 मध्ये तेहतीस वर्षांचा झाला. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं 1958 साली, तेव्हा तो त्रेचाळीसचा. म्हणजे ज्या पिढीसाठी शाळा काढली, त्या पिढीचं विद्यापीठात जायचं वय निघूनच गेलं होतं. फळ मिळालं ते त्यांच्या मुलांना, नातवंडांना. मराठवाड्यातच राहून डिग्री घेणारे आपण त्याच रांगेत बसतो.

यातून मला तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट. फळ उद्याचं असलं तरी काम आजचंच असतं. जर्मनीतल्या कोलोन शहराचं कॅथेड्रल 1248 साली सुरू झालं आणि 1880 साली पूर्ण झालं. पहिला दगड घडवणाऱ्याला कळस कसा दिसेल ते कुठून कळणार? पण त्याचा दगड काटकोनात असायलाच हवा होता. शाळेचंही तसंच. 'पुढे क्रांती होणार आहे' म्हणून आजचा तास कच्चा घेऊन चालत नाही. आज मुलाला वाचता आलं पाहिजे. तेवढं तर आजच्या आज तपासता येतं ना?

दुसरी गोष्ट. काम दुसऱ्याच्या हाती देता आलं पाहिजे. शाळा काढणाऱ्यांनी बाहेरून आलेल्या तरुणाला मुख्याध्यापक केलं. तो तरुणही सहा वर्षांनी पुढच्या गावी गेला. 'माझी शाळा, माझं नाव' असा हट्ट असता तर काम एका माणसाच्या आयुष्याएवढंच राहिलं असतं. लांब पल्ल्याचं काम म्हणजे रिले शर्यत. आपल्या हातातली काठी पुढच्याच्या हातात नीट पडली पाहिजे.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. किंमत कोण मोजतं? संस्थानात सरकारी नोकरीचा रस्ता उर्दू शिक्षणातून जायचा. राष्ट्रीय शाळेतला मुलगा त्या रस्त्यावरून बाजूला झाला. शिक्षकांनी त्याग केला तो स्वतःच्या मर्जीने, पण लहान मुलाला कुणी विचारलं होतं का? म्हणून मला वाटतं, भविष्यासाठी काम करणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करावा. दुसऱ्याच्या पोराचा वर्तमानकाळ खर्ची घालताना दहादा विचार करावा. संन्यास घेतलेला माणूस मुलांसमोर उभा राहतो तेव्हा निदान त्याने स्वतःसाठी काही राखून ठेवलेलं नसतं.

काही जण म्हणतील, 'हे सगळं संतमहात्म्यांचं. आपल्याला सबमिशन, व्हायवा आणि नंतर नोकरी.' बरोबर आहे. नोकरी करायलाच हवी, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. पण आपल्या पेशात असं काम रोज समोर येतं. त्याच लोहारा तालुक्यात सास्तूर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि आपला, अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. दारं-खिडक्यांच्या वरून घराच्या चारही भिंतींना सलग बांधणारा आरसीसी लिंटेल बँड भिंतींना फाकू देत नाही. खर्च थोडाच असतो. पण गिलावा झाला की तो दिसत नाही, आणि कदाचित घरमालकाच्या आयुष्यात त्याची गरजही पडणार नाही. त्याच्या नातवाला पडेल. मग कंत्राटदार म्हणतो, 'साहेब, एवढा गज कशाला? कोण बघतंय?'

त्या क्षणी आपण काय उत्तर देतो, हीच आपली परीक्षा. तिला ना पॅकेज आहे, ना सर्टिफिकेट. गज पूर्ण टाकायचा, कोपऱ्यात नीट वळवायचा, काँक्रीटवर ठरलेले दिवस पाणी मारायचं. बस्स, एवढंच करायचं.

हिप्परग्याच्या शिक्षकांना आपली नावं माहीत नव्हती, तरी त्यांनी आपल्यासाठी फळा पुसून रोज नवा धडा लिहिला. ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, अशांसाठी आपणही एखादी भिंत नीट बांधू या.